वाट पाहणे

शर्यतींचा इतिहास लिहिणारे बहुधा पिस्तुलाच्या बारापासून आरंभ करतात. कोण कोणत्या वळणावर पुढे होता, कोण मागे पडला, फीत कोणी तोडली, हे सारे तपशिलाने येते. बार होण्याआधीची रात्र मात्र कोणाच्या नोंदीत नसते. आमचे म्हणणे असे, की धावणाऱ्याच्या आयुष्यात ही रात्र शर्यतीइतकीच खरी असते. शर्यत स्वतःच्या गावची असेल तर कदाचित थोडी अधिकच. या रात्रीचा इतिहास लिहिता येईल काय, असा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे हे टिपण.

आमची शर्यत म्हणजे काय, तेही आधीच सांगून टाकावे. सेलू हे परभणी जिल्ह्यातले, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे कापसाचे गाव. तिथले आम्ही पाचसहा जण, बहुतेक मास्तरकी करणारे, संक्रांतीनंतरच्या एका रविवारी अर्धमॅरेथॉनचे अंतर धावतो. या उपक्रमाला नाव नाही, छातीवर क्रमांक नाही, पदक तर नाहीच. अंतर आम्ही सायकलीला लावलेल्या मोजणीयंत्राने मोजले आहे. निम्मे अंतर जिथे भरते तिथे एक कडुलिंबाचे झाड आहे. त्याला हात लावून परतायचे. ते झाड शंभरेक मीटर अलीकडे आहे असा आमच्यातल्या गणिताच्या शिक्षकांचा जुना आक्षेप आहे आणि तो दरवर्षी नव्याने नोंदवला जातो. असो.

मराठीत प्रतीक्षा करण्याला आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो. इतका रुळलेला हा शब्दप्रयोग की त्यातली वाट आता कोणाला दिसत नाही. दारात उभे राहून रस्त्याकडे डोळे लावणारे माणूस त्यात आहे. येणारा दुसरा कोणी आहे, पाहणारा जागचा हललेला नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री या प्रयोगाचा वाच्यार्थ अचानक जागा होतो. आपण खरोखरच वाट पाहत असतो: अंथरुणात पडल्या पडल्या तिचा चढ, तिचे वळण, जिथे कुत्री अंगावर येतात तो आखाड्याचा कोपरा. परक्या शहरातल्या शर्यतीआधी नकाशा पाहावा लागतो. गावच्या शर्यतीआधी डोळे मिटले की पुरते.

दुसरा शब्द ‘पळणे’. पुस्तकी मराठीत आपण धावतो. आमच्याकडच्या बोलण्यात पळतो. या दोन क्रियापदांचे गोतावळे निरनिराळे आहेत. पळ काढणे, पळवाट, पळपुटा, पळापळ: या साऱ्यांत भीती आहे, नाहीतर लाज. उलट धावून येणे, धाव घेणे, देवाचा धावा करणे यांत कोणाकडे तरी जाणे आहे. निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडात किंवा नगर-सोलापूरकडे गेली, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर हळूहळू परतली. त्या पिढीच्या तोंडी ‘पळणे’ या शब्दाला जे वजन होते ते शब्दकोशात सापडणार नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी नव्वदी ओलांडलेल्या आजी होत्या. नातू उद्या पहाटे एकवीस किलोमीटर पळणार आहे, हे ऐकून त्यांनी विचारले होते, “का रे बाबा? कोण लागलंय का मागं?” घरात हशा पिकला. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा प्रश्न आम्ही पुढे बरीच वर्षे मनात बाळगला, कारण तो इतिहासाचाच प्रश्न आहे. मागे कोणी लागलेले नसताना आणि पुढे कोणाला काही पोचवायचे नसताना माणसे धावू लागली, तीही उद्याच्या धावण्याची आज वाट पाहू लागली, हे कधीपासून?

फार जुने हे नसावे. पेशवाईच्या कागदपत्रांत धावणारी माणसे पुष्कळ आहेत: जासूद आणि कासीद. पत्र वाटेत हरवू नये म्हणून ते अनेकदा जोडीने निघत. पण त्या व्यवहारात वाट पाहण्याचे काम दुसऱ्याचे असे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे घडले त्याची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना माळव्यात, सावकारी कासिदाकडच्या पत्रातून कळली, असे इतिहासकार सांगतात. मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेतले ते पत्र मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भाऊंची वाट पाहणाऱ्या पेशव्यांवर कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली. ज्याच्या पायांवरून ती बातमी आली तो कासीद अनामिकच राहिला. उद्या धावायचे म्हणून त्याचे मन आदल्या रात्री उचंबळून येत असेल असे मानणे कठीण. दुसऱ्या दिवशीची मजल म्हणजे त्याची नोकरी होती.

याच मातीत एक निराळे धावणेही फार पूर्वीपासून आहे, आणि आमच्या मते आमच्या रात्रीचे नाते त्याच्याशी अधिक जवळचे आहे. आषाढीच्या वारीत पंढरपूर नजरेच्या टप्प्यात येऊ लागले की पालखी सोहळ्यात ‘धावा’ होतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात तो वेळापूरजवळच्या उतारावर होतो. तुकोबांना इथूनच देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेतली कथा आहे. पंधरवडाभराहून अधिक काळ चाललेले, पायांना फोड आलेले, वयाने साठी-सत्तरीतले लोक इथे धावतात. मागे कोणी नसते. पोचल्यावर सांगायची बातमीही नसते. उरलेले अंतर चालत गेले तरी विठोबा कुठे जाणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरीही धावले जाते. आम्ही वारकरी नाही. तसा दावा करणे उद्धटपणाचे होईल. पण वाट पाहणे इतके दाटून येते की ते पायांत उतरते, हे मराठी माणसाला दाखवण्यासाठी ऑलिंपिकची गरज नव्हती एवढे म्हणता येईल.

ऑलिंपिक आले ते पुण्याच्या मार्गाने. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालची. १९१९ मध्ये तिथल्या क्रीडामेळाव्याला अध्यक्ष म्हणून आलेले दोराबजी टाटा लांब पल्ल्याची शर्यत पाहून थक्क झाले. धावणारे बहुतेक शेतकरी घरांतले. पायात काही नाही, शास्त्रोक्त सराव म्हणजे काय याची कल्पना नाही, नियमांची ओळख जेमतेम. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या शेजारी ठेवण्याजोग्या होत्या. टाटांनी पुढे ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात ही आठवण सांगितली आहे. त्यांच्या खटपटीतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा चमू गेला, आणि त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार.

शर्यत २२ ऑगस्ट १९२० ला झाली. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते ते या आकड्यांवर संपते. आकडे मोठेच आहेत. आज ज्याला मॅरेथॉन म्हणतात त्याहून अँटवर्पची वाट अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होती, हे ध्यानात घेतले तर ते आणखी मोठे होतात.

परंतु आम्ही थबकतो ते २१ ऑगस्टच्या रात्री. बेळगाव-पुण्याच्या धुळीच्या रस्त्यांवर अनवाणी धावायला शिकलेला तरुण. बोटीचा प्रवास, मग इंग्लंडमधला काही आठवड्यांचा सराव, आणि आता महायुद्धातून नुकतेच उठून बसू पाहणाऱ्या बेल्जियममधले एक शहर. उद्याचा रस्ता त्याच्या पायांच्या परिचयाचा नाही. डोळे मिटले तर त्याला कोणती वाट दिसली असेल? कल्पना करण्याचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे, कारण इथून पुढे इतिहास सुटतो आणि कादंबरी सुरू होते. एवढे मात्र निश्चित सांगता येते, की हा माणूस कोणाचा निरोप घेऊन धावणार नव्हता आणि कोणी त्याच्या मागेही लागले नव्हते. उद्याच्या धावण्यासाठी त्याला अडीच महिने आधी घर सोडावे लागले. कासिदाला जे मिळाले नाही ते त्याला मिळाले: शर्यतीची वाट पाहण्यासाठी मोकळा वेळ. त्याची किंमत मात्र अशी, की ही वाट त्याला घरापासून हजारो मैलांवर पाहावी लागली. दातारांचे तर शर्यतीच्या नोंदीत उरले एक नाव आणि ‘अपूर्ण’ हा शेरा. वाट पाहण्यात ते चौगुल्यांहून तिळभरही उणे पडले नसतील. पण त्या कामाचा निकाल लागत नाही.

अंतराचीही एक गंमत आहे. १८९६ ला अथेन्समध्ये मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८ ला लंडनमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू झाली आणि मैदानात राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. त्या सोयीतून २६ मैल ३८५ यार्ड हे अंतर आले आणि १९२१ मध्ये तेच प्रमाण म्हणून कायम झाले: ४२.१९५ किलोमीटर. त्याचे निम्मे २१.०९७५. अर्धमॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हती. तिची स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९९२ मध्ये सुरू झाली आणि २००४ मध्ये ती दिल्लीत भरली. सांगायचा मुद्दा असा, की आमच्या कडुलिंबापर्यंतचे अंतर, म्हणजे १० किलोमीटर ५४८ मीटर आणि वर ७५ सेंटिमीटर, हे अखेर इंग्लंडच्या राजघराण्याच्या बैठकव्यवस्थेवरून ठरले आहे. गणिताच्या शिक्षकांच्या आक्षेपाचा निवाडा आम्ही त्यांच्याकडेच सोपवला आहे.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. पण आमच्या विषयाला खरी जवळची ती साताऱ्याची. २०१२ मध्ये तिथे डोंगरवाटेची अर्धमॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघायचे, यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि त्याच वाटेने उतरून यायचे. चढ सगळा जाताना, उतार सगळा येताना. यवतेश्वराला सातारकर पिढ्यान्‌पिढ्या दर्शनाला आणि फिरायला जात आले आहेत. त्यामुळे या शर्यतीआधीच्या रात्री सातारकराला घाटाचे कुठले वळण फसवे आहे हे सांगावे लागत नसणार. बाहेरगावच्या धावकाला चढाची भीती असते. गावच्या माणसाला निराळीच धाकधूक असते. वाटेत कडेला उभे राहणारे लोक त्याला नावाने ओळखतात. परक्या शहरात दमून चालू लागलेला माणूस हजारांतला एक असतो, आणि गावात तोच माणूस अमक्याचा मुलगा, तमक्याचे सर असतो. आमच्या सेलूच्या रस्त्यावर तर कडेला उभे राहणारे कोणी नसतेच. एखादा दूधवाला, कापसाच्या गाड्या, आणि कधीतरी आमच्याच वर्गातला विद्यार्थी. तो एकटा पुरतो.

मात्र वाट पाहण्याची ही चैन सर्वांच्या वाट्याला सारखी आली असे समजण्याचे कारण नाही. बारामतीत २०१३ साली लता भगवान करे या साठीच्या पुढच्या बाई लुगड्यातच, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचारांसाठी बक्षिसाची रक्कम हवी होती. पुढे त्यांच्यावर चित्रपट झाला, कौतुक झाले. त्यांच्या धावण्यात आम्हांला आजींच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि ते ऐकवत नाही: होय, मागे लागले होते. दुसरे टोक आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत किंवा धावत जात. पुढे ते सैन्यात गेले, आणि २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्यांनी १ तास ३० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. एकसष्ट मिनिटांच्या आत हे अंतर कापणारे ते पहिले भारतीय. शाळा गाठण्यासाठी जी वाट कापावी लागली तिने हे पाय घडवले. मराठवाड्यातल्या अंतरांविषयी आम्ही तक्रारी पुष्कळ करतो आणि त्या खऱ्याही आहेत. साबळ्यांचे उदाहरण देऊन त्या अंतरांचे उदात्तीकरण करण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हांला पसंत नाही. शाळा जवळच हवी.

आमची रात्र यांपैकी कोणाच्याच रात्रीसारखी नाही. तीत पणाला लागलेले काही नाही, असे दिवसा वाटते. रात्री तसे वाटत नाही. जेवण साधे, वरण-भात. हुरड्याचे दिवस असूनही हुरडा वर्ज्य, आणि ठेच्याकडे बघायचेही नाही. बूट दाराशी काढून ठेवलेले असतात आणि ते तिथे आहेत ना, हे एकदा उठून पाहिले जाते. आमच्यातल्या एका सरांच्या गुडघ्याने गेल्या वर्षी कुरकुर केली होती. यंदा ते येतील की नाही हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलेले नाही. विचारायचे कोणी, यावर आम्हां इतरांत दोन दिवस चर्चा झाली आणि अखेर कोणीच विचारले नाही. बाहेर थंडी चढत जाते. मध्यरात्रीनंतर स्टेशनच्या बाजूने एखाद्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. आजींचा नातू सांगतो, त्या अशा भोंग्यानंतर अंधारातच विचारायच्या, “कोण आलं?”

साडेचारला आम्ही चौकात जमतो. दोन जण आधीच आलेले असतात, चहाची टपरी अजून बंद असते. गुडघ्याचे सर ज्या गल्लीतून येतात तिच्या तोंडाशी दिवा नाही. आम्ही पाय झटकत, हात चोळत उभे राहतो आणि सगळे त्या काळोखाकडे पाहत असतो.