किरणोत्सर्ग : काळ्या वाळूपासून अणुभट्टीपर्यंत

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यास ‘काळा समुद्र’ म्हणतात, ते तेथील काळ्या वाळूमुळे. हा काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमयुक्त खनिजाचा असून ते स्वतः किरणोत्सर्गी नाही. केरळातील करुनागप्पळ्ळीच्या वाळूत मात्र मोनाझाइट असते व त्यातील थोरियममुळे तेथील नैसर्गिक किरणोत्सर्ग बराच अधिक आहे. नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वत्रच असतो. त्याची जागतिक सरासरी माणशी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. धोका ठरतो तो मात्रेवरून.

आरोग्यावरील परिणाम : आयनीकारक किरणे पेशींतील डीएनएला इजा करतात. अल्पावधीत सुमारे १००० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळाल्यास मळमळ, उलट्या, रक्तपेशींची घट ही लक्षणे दिसतात. ४००० ते ५००० मिलिसिव्हर्ट मात्रेस उपचारांअभावी निम्मे रुग्ण दगावू शकतात. कमी मात्रेचा परिणाम कर्करोगाच्या रूपाने अनेक वर्षांनी प्रकट होऊ शकतो. गर्भ व बालके यांना धोका अधिक. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला.

पर्यावरणावरील परिणाम : आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे, पण तेवढ्यात ते गवत, गाय, दूध या मार्गाने बालकांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. चेर्नोबिल दुर्घटनेनंतर (१९८६) हेच घडले. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे असल्याने माती दीर्घकाळ दूषित राहते. फुकुशिमा दुर्घटनेनंतर (२०११) तेथील किनाऱ्यावरील मासेमारी थांबवावी लागली.

कोकणातील प्रश्न : राजापूर तालुक्यातील माडबन येथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प नियोजित आहे. त्याविरुद्ध झालेल्या आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी पोलिस गोळीबारात एकाचा बळी गेला. अपघाताच्या भीतीबरोबरच भट्टीतून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्याने मासळी दुरावेल, ही साखरीनाटे येथील मच्छीमारांची चिंता आहे. समर्थकांच्या मते कोळशाच्या तुलनेत अणुवीज हवा प्रदूषित करीत नाही.

संरक्षण : कमी वेळ, अधिक अंतर आणि शिसे वा काँक्रीटचे आवरण ही त्रिसूत्री होय. भारतात सामान्य नागरिकांसाठी नैसर्गिक व वैद्यकीय मात्रा वगळून वार्षिक मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, तर किरणोत्सर्गी क्षेत्रातील कामगारांसाठी पाच वर्षांची वार्षिक सरासरी २० मिलिसिव्हर्ट आहे. प्रकल्प उभा राहण्यापूर्वीच माती, पाणी व मासळीतील किरणोत्सर्ग मोजून ठेवला, तरच पुढील वाढ ओळखता येते.