साहेबाचे कट्टे आणि पिवळी रेषा

विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. स्थानिक लोक त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, आणि भाषणांतून, बातम्यांतून, पर्यटनाच्या माहितीतून एकच गोष्ट सांगितली जाते : १८६८ साली लॉकियरने इथून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला. यातले साल खरे, माणूस खरा, किल्लाही खरा. मात्र ही तिन्ही एकत्र कधी आलीच नाहीत. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. युद्धखात्यात कारकुनी करणारा हा हौशी खगोलनिरीक्षक मागवलेल्या नव्या वर्णपटदर्शकाची वाट पाहत होता, आणि कारागिराकडून उपकरण काही हाती पडत नव्हते.

मग विजयदुर्गचे काय? तिथे येण्याआधी ज्या पिवळ्या रेषेवरून हे सगळे घडले, ती समजून घ्यावी लागेल.

मीठ घातलेले पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले, की ज्योत क्षणभर पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटदर्शकातून पाहिले तर त्या पिवळ्याच्या दोन अगदी जवळजवळच्या रेषा दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात नेमक्या याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटातील ठळक काळ्या रेषांना अक्षरे दिली, तेव्हा या जोडीच्या वाट्याला 'डी' आले. किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये हायडेलबर्गला दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. तापल्यावर ते ज्या तरंगलांब्यांचा प्रकाश सोडते, त्याच तरंगलांब्यांचा प्रकाश ते मागून येणाऱ्या उजेडातून शोषूनही घेते. असे का, ते कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. अणूतील इलेक्ट्रॉनची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांची असते. एका पायरीवरून दुसरीवर जाताना दोन्हींमधल्या फरकाइतकेच प्रारण तो घेतो किंवा देतो. रेडिओलहरींपासून क्ष-किरणांपर्यंत सगळे विद्युतचुंबकीय प्रारण जातीने एकच. फरक असतो तो तरंगलांबीचा, आणि लांबी जितकी कमी तितकी ऊर्जा अधिक.

रेणूंचा कारभार जास्त गुंतागुंतीचा. रेणूतील अणू एकमेकांच्या संदर्भात कंप पावतात, आणि अख्खा रेणू गिरक्याही घेतो. कंपनाच्या पायऱ्या इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांपेक्षा खूप लहान, गिरक्यांच्या त्याहून लहान. त्यामुळे सुट्या रेषांऐवजी दाटीवाटीने बसलेल्या रेषांचे पट्टे तयार होतात. गुंटूरच्या ग्रहणामुळे नावारूपाला आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सन हा मुळात या पट्ट्यांचा माणूस, हे सहसा सांगितले जात नाही. सूर्य मावळतीला आला की त्याच्या वर्णपटातले काही काळे पट्टे गडद होतात. तेव्हा ते सूर्याचे नसून आपल्याच हवेचे असावेत, असे त्याचे म्हणणे होते. १८६४ मध्ये तो आल्प्समधल्या फाउलहॉर्न शिखरावर गेला. तिथे हवा विरळ, आणि पट्टे फिके. १८६६ मध्ये पॅरिसच्या ला व्हिलेत भागातील गॅस कारखान्यात त्याने ३७ मीटर लांबीच्या लोखंडी नळीत दाबाखाली वाफ भरली आणि तिच्यातून प्रकाश सोडला. तेच पट्टे उमटले. आकाशातल्या पाण्याच्या रेणूची सही त्याने जमिनीवर पडताळून पाहिली होती. कोणत्या खुणा ताऱ्याच्या आणि कोणत्या आपल्या हवेच्या, ही निवड केल्याशिवाय वर्णपटावरून काहीच खात्रीने सांगता येत नाही. माझ्या मते जान्सनचे हे काम ग्रहणाच्या कामाहून तसूभरही कमी नाही.

१८ ऑगस्ट १८६८ ला तो गुंटूरला होता. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकली. सूर्याच्या कडेवरून उसळलेल्या लालसर ज्वाळांवर त्याने वर्णपटदर्शक रोखला, तर ठसठशीत तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, मुख्यतः हायड्रोजनच्या. रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहण नसतानाही दिसतील असे त्याला वाटले, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्या त्याने पाहिल्यासुद्धा. यातली युक्ती सोपी आहे. आकाशाचा लखलखाट सर्व रंगांचा असल्याने लोलकांनी तो पसरवला की फिका पडतो. रेषेचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा, तो पसरत नाही. पुढे शिमल्याला मुक्काम करून त्याने हेच काम चालू ठेवले.

त्याच ग्रहणात इतरांनीही पिवळी किंवा नारिंगी रेषा पाहिली होती. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटीतून पाहत होता, मछलीपट्टणला पॉगसन होता, सयामात राये. पण ती रेषा 'डी'च असावी, किंवा 'डी'च्या आसपासची, इथपर्यंतच सारे येऊन थांबले. काही मिनिटांच्या अंधारात, हलत्या हातांनी, दीड नॅनोमीटरहून कमी अंतर मोजायचे कसे? जान्सनच्या पत्रातही नव्या मूलद्रव्याचा उल्लेख नाही. म्हणून 'हेलियम गुंटूरला सापडला' हे विधानही ढोबळच म्हणायचे.

लॉकियरला उपकरण मिळाले ऑक्टोबरच्या मध्यावर. २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्याने सूर्याच्या कडेवरच्या रेषा पाहिल्या, आणि घाई नसल्यामुळे मोजल्या. पिवळी रेषा 'डी'शी जुळत नव्हती. ती किंचित निळ्या बाजूला होती. तिला 'डी-३' म्हटले गेले. ती ५८७.६ नॅनोमीटरवर येते. गुंटूरहून निघालेल्या जान्सनचे पत्र आणि लॉकियरचे निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत वाचले गेले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या सन्मानार्थ पदक काढले. ते पदक ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी आहे, हेलियमसाठी नव्हे.

डी-३ कशाची, याचा निकाल मात्र लवकर लागला नाही. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनकडून ती रेषा काढायचा प्रयत्न केला, पण ती येईना. सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हा शब्द १८७१ पर्यंत जाहीरपणे उच्चारला गेला होता. त्याचा शेवट सोडियम, पोटॅशियमसारखा आहे, म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी हा धातू असावा असे धरले होते! अनेक रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांनी क्लिव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू तपासला. ते शोधत होते आरगॉन, आणि समोर आली पिवळी रेषा. क्रुक्स यांनी मोजून ती डी-३ असल्याचे सांगितले. सत्तावीस वर्षांनी लॉकियर खरा ठरला.

तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो विजयदुर्गला आला. आता तो कारकून नव्हता. सर नॉर्मन, 'नेचर' साप्ताहिकाचा संस्थापक संपादक. किल्ल्यात छावणी पडली, 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांना निरीक्षणे शिकवली गेली, आणि भिंगापुढे लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपटाचे फोटो घेतले गेले. कट्टे याच मोहिमेचे. हेलियमचा प्रश्न सुटला होता. आता पाहायचे होते सूर्यबिंब झाकले जाताना क्षणभर चमकणाऱ्या कडेतल्या रेषा. किल्ल्याचे खरे महत्त्व इथे आहे, आणि त्याला १८६८ ची उसनवारी करण्याची गरज नाही.

त्या दिवशी ग्रहणाची वाट महाराष्ट्रावरून आडवी गेली होती. पुलगावला आणि तळणीला ब्रिटिश पथके होती. करमाळ्याजवळ जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतःचे पथक घेऊन गेले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा ते चालवत. त्यांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये छापला गेला. सूर्याचा वर्णपट वाचणाऱ्या या पुणेकराचे नाव आपल्या ग्रहणांच्या गोष्टीत क्वचितच येते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि तिथली वीस इंची दुर्बीण कोडाइकनालला रवाना झाली.