गरोदरपणाचा मधला काळ : नेहमीच्या तक्रारी आणि धोक्याच्या खुणा

रायपूरच्या जुन्या शहरातील सदर बाजार सराफांच्या पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच परिसरातील तात्यापारा, बुढापारा आदी वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पाचवा-सहावा महिना लागला की पोटात कळ, पायांना सूज, धाप अशा तक्रारी सुरू होतात आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘असे होतेच’ म्हणून धीर देतात. बहुतेक वेळा ते खरे असते. ते कधी खरे नसते, हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

साधारण तेराव्या ते सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा गरोदरपणाचा मधला टप्पा होय. वाढत्या गर्भाशयाला आधार देणारे स्नायुबंध ताणले गेल्याने कुशीवर वळताना किंवा एकदम उठताना ओटीपोटात चमक येते. विश्रांती घेतल्यावर ती थांबते. छातीत जळजळ, पाठदुखी, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे आणि संध्याकाळी पावलांना सूज येणे याही सामान्य तक्रारी आहेत. थोडे थोडे खाणे, डाव्या कुशीवर झोपणे, पाय उंचावर ठेवणे आणि पुरेसे पाणी पिणे यांनी आराम पडतो.

तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे

योनिमार्गातून रक्तस्राव होणे किंवा पाणी जाणे; ठरावीक अंतराने येणाऱ्या, वाढत जाणाऱ्या कळा; तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हातांवर अचानक आलेली सूज; बरगड्यांखाली तीव्र दुखणे; ताप; एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे; छातीत दुखणे; बाळाची हालचाल जाणवू लागल्यानंतर ती कमी होणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक असल्यास आई आणि बाळ दोघांनाही धोका संभवतो. लघवीला जळजळ होत असल्यास तपासणी लांबवू नये, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे मुदतपूर्व प्रसूती होऊ शकते.

थकवा आणि धाप यांमागे अनेकदा रक्तक्षय असतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन 11 ग्रॅमहून कमी असल्यास उपचार आवश्यक ठरतात. चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावी लागते. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने ही तपासणीही करून घ्यावी. हा आजार असलेल्या स्त्रीने लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

डोळे पिवळे दिसणे, गडद लघवी, अन्नावरील वासना उडणे ही काविळीची लक्षणे होत. 2020 मध्ये रायपूर शहरात काविळीची साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत विशेष घातक असून, त्या काळात लागण झालेल्या स्त्रियांपैकी 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी उकळून पिणे हा सोपा उपाय आहे. तळहात व तळपायांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटत असल्यास यकृताची तपासणी करावी.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी, तर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात मधुमेहाची चाचणी करावी. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. छत्तीसगडमध्ये वस्तीतील मितानिन सल्ला देतात, तर 102 क्रमांकावर महतारी एक्सप्रेस रुग्णवाहिका मिळते. रायपूरमध्ये डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि एम्स येथे उपचारांची सोय आहे.

माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि आधीचे तपासणी अहवाल एका पिशवीत तयार ठेवावेत. जुन्या बाजारपेठांतील अरुंद गल्ल्यांत वाहन दारापर्यंत पोहोचणे कठीण असते. त्यामुळे कोणत्या रस्त्याने जायचे आणि सोबत कोण येणार, हे कुटुंबाने आधीच ठरवावे. शंका खोटी ठरली तर केवळ एक फेरी वाया जाते. खरी ठरली तर वेळेवर मिळालेल्या उपचारांनी दोन जीव वाचतात.