वसईचा टेनिसरसिक : एका दूरस्थ प्रेक्षकवर्गाच्या इतिहासाची दिशा

१

वसईचा इतिहास म्हटला म्हणजे १७३९ मधील चिमाजी आप्पांची मोहीम आणि १८०२ चा तह या दोन घटना आपल्या अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. किल्ला, तह आणि सत्तांतर यांच्यापलीकडे या भूमीवर राहणाऱ्या माणसाने आपल्या फुरसतीचा वेळ कसा घालविला, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो, असे अजूनही सर्वांस वाटत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक लहानसा भाग विचारासाठी घेतला आहे. टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धा मेलबर्न, पॅरिस, विंबल्डन आणि न्यूयॉर्क येथे होतात. त्या हजारो मैलांवरून वर्षानुवर्षे निष्ठेने पाहणारा जो प्रेक्षकवर्ग मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरी पट्ट्यात निर्माण झाला, त्याचा इतिहास कोणत्या दृष्टीने लिहावयाचा, हा तो भाग होय.

असा प्रेक्षक म्हणजे साहेबी अभिरुचीचे अनुकरण करणारा मध्यमवर्गीय, असे एक सुलभ स्पष्टीकरण दिले जाते. भारतीय खेळाडूंच्या यशामुळे ही आवड वाढली, असे दुसरे. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. टेनिसरसिकाचा इतिहास हा मुख्यतः वेळेच्या वाटपाचा इतिहास आहे. कोणाला, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती वेळ स्वतःचा म्हणता येत होता, याचा तो आलेख आहे. वसई-विरारसारख्या, दिवसाचा मोठा भाग आगगाडीच्या वेळापत्रकाने बांधलेल्या वस्तीत हा आलेख विशेष स्पष्टपणे वाचता येतो.

२

प्रथम पूर्वपीठिका पाहू. हिरवळीवरील टेनिसचे पहिले पेटंट १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये वॉल्टर विंगफील्ड याने घेतले आणि १८७७ मध्ये विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. मुंबई इलाख्यात हा खेळ जिमखान्यांच्या आश्रयाने वाढला. जिमखाना ही सभासदांची संस्था होती, आणि सभासदत्व वंश, जात, धर्म व उत्पन्न यांनी मर्यादित झालेले होते. त्यामुळे खेळाडू आणि प्रेक्षक हे बहुधा एकाच वर्तुळातील असत. भारत डेव्हिस चषक स्पर्धेत १९२१ मध्ये प्रथम उतरला. त्या काळातील भारतीय संघात इस्लामी कायद्याचे विख्यात अभ्यासक आसफ अली असगर फैजी यांच्यासारखा विद्वान आढळतो, यावरूनही या वर्तुळाची सामाजिक जडणघडण ध्यानात येते.

मराठी अभ्यासकाने आवर्जून नोंदवावे असे याच वर्तुळातील एक उदाहरण आहे. अथर्ववेदाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या पंडिता क्षमाबाई राव या तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत काव्यात लिहिणाऱ्या कवयित्री म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या स्वतः उत्तम टेनिस खेळत. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डनच्या एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. तुकोबांच्या गाथेचे संपादन ज्या घराण्यात झाले त्याच घराण्यात ही घटना घडावी, यात विसंगती मुळीच नाही. ग्रंथसंग्रह आणि टेनिसचे मैदान या दोन्हींस लागणारी निश्चिंत फुरसत त्या काळी अशाच घरांना लाभत होती.

त्याच सुमारास वसईच्या बाजूला एक वेगळी घटना घडत होती. बोरिवली ते विरार हा लोहमार्ग १९३६ मध्ये विजेवर चालू लागला. या दोन घटनांचा परस्परांशी त्या वेळी काहीही संबंध नव्हता. परंतु पुढे जो प्रेक्षकवर्ग निर्माण झाला तो दुसऱ्या घटनेच्या पोटातून झाला. मुंबईत नोकरी आणि वसई-विरारला घर, अशी जी दुहेरी वस्ती वाढत गेली, तिच्यामुळे २०११ च्या जनगणनेत येथील महानगरपालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली दिसते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. जलद गाडीनेही एका बाजूस सव्वा ते दीड तास लागतो. म्हणजे कामाच्या तासांखेरीज दिवसाचे सुमारे तीन तास प्रवासाला वाहिलेले असतात. उरलेल्या वेळेतून जो खेळ पाहावयाचा, तो खेळ किती दीर्घ आहे यास येथे विशेष अर्थ प्राप्त होतो.

३

ज्यास आज आपण व्यावसायिक टेनिस म्हणतो, ते प्रमुख स्पर्धांत १९६८ पर्यंत नव्हतेच. या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी खुल्या होत्या. खेळाचे पैसे उघडपणे घेणारा तो धंदेवाईक, आणि त्यास विंबल्डनचे दार बंद, असा नियम होता. रॉड लेव्हर याने १९६२ मध्ये चारही स्पर्धा जिंकल्या आणि तो धंदेवाईक झाला. १९६३ ते १९६७ या पाच वर्षांत तो या चारांपैकी कोणत्याही स्पर्धेत खेळू शकला नाही. ज्यास तारेने आलेल्या चार ओळींच्या बातमीवरच हा खेळ अनुभवावा लागे, त्या आपल्याकडील वृत्तपत्रवाचकाच्या दृष्टीने जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू जणू नाहीसाच झाला.

रामनाथन कृष्णन यांची कामगिरी याच पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली. पहिल्या वर्षी नील फ्रेझरने आणि दुसऱ्या वर्षी लेव्हरने त्यांना हरविले, आणि दोघेही त्या त्या वर्षी विजेते ठरले. धंदेवाईक होण्याचे निमंत्रण कृष्णन यांनी नाकारले होते. १९६६ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी जिंकलेला दुहेरीचा सामना हा भारताचा एकमेव विजय ठरला. १९७४ मध्ये भारत पुन्हा अंतिम फेरीत गेला, परंतु वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास त्याने नकार दिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुरुष एकेरीत कृष्णन यांच्यापुढे आजवर एकही भारतीय जाऊ शकलेला नाही. दुहेरीत मात्र यश मिळाले. १९९७ मध्ये महेश भूपती यांनी पॅरिसला मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळविले. १९९९ मध्ये त्यांनी लिअँडर पेस यांच्यासह चारही प्रमुख स्पर्धांची अंतिम फेरी गाठून पॅरिस व विंबल्डन येथे विजय मिळविला. तथापि रसिक रात्र जागवितो ती बहुधा एकेरीच्या सामन्यासाठी, आणि त्या सामन्यात दोन्ही बाजूंस परदेशी खेळाडू असतात. राष्ट्राभिमान हेच या आवडीचे मूळ असते तर ती दुहेरीभोवती केंद्रित झाली असती. तसे झालेले नाही. येथील निष्ठा व्यक्तीवर जडलेली आहे : एखाद्याच्या उलट्या हाताच्या फटक्यावर, एखाद्याच्या चिवटपणावर, एखादीच्या निर्भयतेवर. क्रिकेटच्या प्रेक्षकाहून टेनिसचा प्रेक्षक येथे वेगळा पडतो.

४

ही निष्ठा जडण्यासाठी खेळाडू प्रत्यक्ष दिसावा लागतो. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात विंबल्डनचे अंतिम सामने थेट दिसू लागले. सतरा वर्षांचा बोरिस बेकर १९८५ मध्ये मानांकन नसताना विजेता झाला, तो याच काळात. १९९१-९२ पासून उपग्रहवाहिन्या आल्या आणि दोन आठवड्यांची संपूर्ण स्पर्धा घरात आली. त्यानंतर हातातील भ्रमणध्वनीवर सामना दिसू लागला, आणि रेल्वेचा डबा हेही प्रेक्षागृह झाले.

परंतु साधन बदलले तरी घड्याळ बदलत नाही. मेलबर्नचे सकाळचे सत्र भारतात पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. त्याच वेळी येथील नोकरदाराचे घर जागे झालेले असते. पॅरिस व विंबल्डन येथील दुपार म्हणजे आपली सायंकाळ. विंबल्डनचा अंतिम सामना दीर्घकाळ तेथील दुपारी दोन वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेसहा वाजता सुरू होत असे. न्यूयॉर्कचे रात्रीचे सत्र आपल्या पहाटे साडेचारला सुरू होते. २०१९ मध्ये सुमित नागल या भारतीय खेळाडूने न्यूयॉर्क येथे पहिल्याच फेरीत रॉजर फेडररकडून पहिला सेट जिंकला आणि पुढील तीन गमावले, तो सामना २७ ऑगस्टच्या सकाळी, नोकरदारांच्या गाडीच्या वेळीच चालू होता. मंगळवार होता. हा सामना घरी बसून पाहणे म्हणजे कामावर उशिरा पोहोचणे, इतका सरळ हिशेब होता.

६ जुलै २००८ रोजी झालेला फेडरर व राफेल नदाल यांचा विंबल्डनचा अंतिम सामना याहून बोलका आहे. पावसाने तो पुन्हा पुन्हा थांबला. प्रत्यक्ष खेळच चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे चालला आणि नदालने पाचवा सेट ९-७ असा जिंकला, तेव्हा भारतात रात्रीचे पावणेदोन वाजत आले होते. उजाडणारा दिवस सोमवार होता. ज्यास पहाटेची गाडी गाठावयाची होती, त्याने हा सामना शेवटपर्यंत पाहिला असेल तर त्याची किंमत झोपेने चुकविली. ही किंमत कोणत्याही तिकिटावर छापलेली नसते, आणि म्हणूनच ती कागदपत्रांत सापडत नाही.

हीच गोष्ट घरातील स्त्रीच्या बाबतीत अधिक तीव्रतेने लागू पडते. एका घरात एक दूरचित्रवाणी संच होता त्या काळी विंबल्डनची साडेसहाची वेळ ही दिवेलागणीची आणि स्वयंपाकाची वेळ होती. सामना एकाच खोलीत चालू असला तरी त्या खोलीतील सर्वांस तो सारखा पाहता येत होता, असे गृहीत धरता येणार नाही. लीला राव यांनी १९३४ मध्ये जे मैदान गाठले, ते पाहण्याची मोकळीकसुद्धा पन्नास वर्षांनंतरच्या अनेक घरांत स्त्रीच्या वाट्याला तुटक-तुटकच आली असली पाहिजे. प्रेक्षकवर्गाच्या विस्तारास आपण लोकशाहीकरण म्हणतो. ते म्हणताना ही मर्यादा विसरून चालणार नाही.

५

दूरस्थ प्रेक्षकास कधी कधी खेळाडू जवळून पाहण्याचा योगही आला. चेन्नईची स्पर्धा २०१८ पासून पुण्याच्या बालेवाडी येथे आली आणि २०२३ पर्यंत, मधले २०२१ हे वर्ष वगळता, तेथे झाली. या संदर्भात एका खेळाडूचा माग घेणे उद्बोधक ठरेल. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन जानेवारी २०१८ मध्ये पुण्यास अंतिम सामना हरला. त्याच वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार पावसाने जलमय झाले. १० जुलै रोजी नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेल्याने लोकल वाहतूक कोलमडली आणि अनेक भागांत वीज नव्हती. दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत अँडरसनने दोन सेट गमावल्यावर, प्रतिस्पर्ध्याचा विजयाचा गुण वाचवून, फेडररला पाचव्या सेटमध्ये १३-११ असे हरविले. परिसरातील ज्या घरांत वीज परतली नव्हती, तेथे हा सामना बातमीच्याच रूपाने, म्हणजे १९६० च्या वृत्तपत्रवाचकास कळत असे तसाच, पोहोचणे शक्य होते. पुढील जानेवारीत अँडरसन पुन्हा पुण्यास आला आणि तीनही सेट टायब्रेकवर गेलेल्या अंतिम सामन्यात इव्हो कार्लोविचला हरवून विजेता ठरला.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. चर्चगेट स्थानकापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मैदानांवर नोव्हेंबर २०१७ मध्ये स्त्रियांची एक दुय्यम दर्जाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. एकोणीस वर्षांची आरिना साबालेंका तिची विजेती होती. त्या वेळी तिचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. पुढे २०२३ व २०२४ मध्ये मेलबर्नला आणि २०२४ व २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ती विजेती झाली. विरारची लोकल जेथे संपते तेथून हाकेच्या अंतरावर हे घडले. ज्या जिमखानासंस्कृतीने सामान्यांस एके काळी बाहेर ठेवले, तिच्याच वारसदार संस्थेच्या अंगणात दूरस्थ प्रेक्षकाला क्षणभर निकटचा प्रेक्षक होता आले.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. टेनिस पाहण्याचा अधिकार सभासदत्वाकडून वृत्तपत्राकडे, वृत्तपत्राकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून हातातील यंत्राकडे सरकत गेला. प्रत्येक टप्प्यावर प्रेक्षक वाढले, आणि प्रत्येक टप्प्यावर दाराशी उभा राहणारा पहारेकरी बदलला. पूर्वी तो जिमखान्याचा नियम होता. आता तो गाडीचे वेळापत्रक, वीज आणि घरकामाची वाटणी या रूपांत उभा आहे. खेळण्याचा अधिकार मात्र त्या मानाने फारच थोडा सरकला. लांबी ७८ फूट आणि रुंदी ३६ फूट अशा मैदानास, भोवतालची मोकळी जागा धरून, दाट वस्तीच्या शहरात स्थान मिळणे सोपे नाही.

या इतिहासाची साधने दप्तरखान्यात मिळणार नाहीत. ती घराघरांतील कात्रणांच्या वह्यांत, निकाल टिपलेल्या दिनदर्शिकांत आणि वृद्धांच्या स्मरणात आहेत. १९६० च्या उपांत्य सामन्याची बातमी तरुणपणी वाचलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. वसई किंवा विरार येथे राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांस तीन साधे प्रश्न विचारावेत : सामना कोठे पाहिला वा ऐकला, त्या वेळी घरात कोण काय करीत होते, आणि दुसऱ्या दिवशी कितीची गाडी पकडली. निकाल जगभर नोंदलेला आहे. या तीन उत्तरांची नोंद कोठेही नाही, आणि ती करावयास उरलेला वेळ थोडा आहे.