पांढरं जाणं: औषध आलं, तपासणी राहिली

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या कुठल्याही मेडिकलसमोर जरा वेळ उभे राहा. "ते… खाजेचं क्रीम द्या ना," असं हळूच म्हणणारी एखादी ताई दिसेलच. क्रीम काळ्या पिशवीत जातं, ताई निघून जाते. आजची गोष्ट त्या क्रीमच्या आधीची.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. लाखो जीव वाचले, पण एक नवी कटकटही वाढली. योनीत कॅन्डिडा नावाची बुरशी बऱ्याच जणींना थोडीफार असतेच. तिथले चांगले जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने तेच मेले, की बुरशी माजते. गरोदरपण, आटोक्यात नसलेली शुगर, कमी झालेली प्रतिकारशक्ती, ही आणखी कारणं. म्हणजे यात 'चारित्र्य' कुठेच येत नाही!

यावर औषध शोधलं दोन बायकांनीच. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन ऑल्बनीत. नमुने बरण्यांत भरून टपालाने जायचे-यायचे. मातीतल्या एका जिवाणूपासून १९५० मध्ये त्यांना निस्टॅटिन मिळालं. पुढे क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोलही आली.

आता या आपल्या महाराष्ट्रात. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या? फक्त ८ टक्के. निस्टॅटिनला तेव्हा ३९ वर्षं झाली होती!

आणि आज? औषध कोपऱ्यावर मिळतं, तपासणी तेवढी राहते. दह्यासारखं पांढरं जाणं, खाज, जळजळ असेल तर बहुधा बुरशी. पण माशासारखा वास किंवा हिरवट-पिवळं जाणं असेल तर आजार वेगळा, औषधही वेगळं. स्टिरॉइडवालं मिक्स क्रीम लावलं, तर खाज दबते आणि बुरशी वाढते. परत परत होत असेल तर शुगर तपासा. गरोदर असाल तर मनाने गोळी घेऊच नका.

कॅम्प ३ मध्येच सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. क्रीम मागायची हिंमत केलीच आहे, तर अजून चार पावलं चाला. एकटीला जड जात असेल, तर मैत्रिणीला सोबत न्या.

भेटू पुढच्या भागात!