तळटीप : टोपली कारवी
टोपली कारवी (स्ट्रोबिलँथिस सेसिलिस) हे केवळ पश्चिम घाटात आढळणारे, बिनदेठाच्या लवदार पानांचे व उपड्या टोपलीसारखे गोलसर वाढणारे ठेंगणे झुडूप होय. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूरच्या रानात जिच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून कूड, म्हणजे घराच्या भिंती, उभारत, ती उंच कारवी निराळी असून या दोहोंची गल्लत कटाक्षाने टाळली पाहिजे. उंच कारवी साधारणतः 8 वर्षांतून एकदा, तर टोपली कारवी साधारणतः 7 वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते, आणि त्या वर्षी साताऱ्याच्या कास पठारासारखे सडे, म्हणजे जांभ्या खडकाची सपाट माथी, टोपली कारवीच्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातात. तुडवलेल्या फुलोऱ्यात बी धरत नाही, म्हणून सड्यावर जाणाऱ्या वाचकांनी पायवाट सोडू नये.