फोटो नव्हे, सावली : क्ष-किरणांपासून सीटी स्कॅनपर्यंत

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आपल्याकडे डॉक्टर अजूनही सांगतात, 'छातीचा फोटो काढून आणा.' मग ती काळी फिल्म घरी येते, खिडकीच्या उजेडात धरली जाते आणि सगळं कुटुंब विचारतं, हा डाग कसला? आज मला या 'फोटो' शब्दाबद्दलच बोलायचं आहे. फोटोत वस्तूवरून परतलेला उजेड कॅमेऱ्यात शिरतो. एक्स-रेमध्ये किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेत जिथे अडतात तिथे फिल्म पांढरी राहते. हाडातल्या कॅल्शियममुळे ते बरेच अडतात, हवेत जवळजवळ अडतच नाहीत; म्हणून बरगड्या पांढऱ्या, फुप्फुसं काळी. म्हणजे ही सावली झाली. आणि सावलीची अडचण लहान मुलालाही ठाऊक असते : पुढचं आणि मागचं एकावर एक पडतं. (प्लेटोची गुहा आठवली असेल काहींना. आज तिकडे नको जायला, परत येणार नाही आपण.)

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतलं वुर्झबर्ग. विल्हेल्म राँटजेन काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेल्या नळीतून वीज सोडत होते. नळीतून उजेड बाहेर येणं शक्य नव्हतं, तरी जवळचा बेरियमचं संयुग लावलेला पडदा चमकू लागला. पुढचे काही आठवडे त्यांनी हे जवळजवळ कुणाला सांगितलं नाही. २२ डिसेंबरला पत्नी ॲना बर्था यांच्या हाताची प्रतिमा घेतली. ती तुम्ही पाहिली असेल : बोटांची हाडं आणि एका बोटावर अंगठीचा काळा गोळा. काळा, कारण ते छापील चित्र फिल्मच्या उलट आहे. आता सांगा, अंगठी हाडाच्या पुढे आहे की मागे? चित्र काहीच सांगत नाही. अंगठी बोटाभोवती असते हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून ती तिथे 'दिसते'. आमच्या नैयायिकांच्या भाषेत, हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान. धूर पाहून डोंगरावर आग आहे म्हणणं, त्या जातीचं.

या किरणांचं स्वरूप कळेना म्हणून राँटजेन यांनी त्यांना बीजगणितातल्या अज्ञाताचं नाव दिलं, एक्स. आपल्या बीजगणितात अज्ञाताला 'क्ष' म्हणायची रीत, म्हणून मराठीत क्ष-किरण. मला हे भाषांतर फार आवडतं. त्यात अज्ञान जसंच्या तसं उतरलं आहे. ते लाटांसारखे वागतात हे १९१२ मध्ये म्युनिकला माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पण डॉक्टरांनी १८९६ च्या सुरुवातीपासूनच ते वापरायला घेतले होते. म्हणजे सोळा वर्षं वापर पुढे, ज्ञान मागे. याची किंमत माणसांनी मोजली. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली नळ्या तपासताना स्वतःचे हात किरणांपुढे धरत. हात कापावे लागले, तरी १९०४ मध्ये ते गेले. एडिसनने ते काम सोडून दिलं.

पण सावलीची मूळ अडचण तशीच राहिली. हाड आणि हवा वेगळी कळतात. रक्त, स्नायू, पाणी यांची छटा मात्र जवळपास एकच. मेंदू तर कवटीच्या आत, त्याची गाठ दिसणार कशी? अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये युक्ती काढली : मेंदूभोवतीचं पाणी काढून तिथे हवा भरायची, म्हणजे पोकळ्यांची सावली पडेल. रुग्णाला भयंकर डोकेदुखी व्हायची. तरी जवळपास पन्नास वर्षं हे चाललं, कारण दुसरा इलाज नव्हता.

सुटका झाली ती गणितामुळे. एक सोपं कोडं घेऊ. चार घरं आहेत, वर दोन, खाली दोन. आतले आकडे झाकलेले, फक्त बेरजा माहीत. आडव्या ओळी ३ आणि ७, उभ्या ४ आणि ६. वर १, २ आणि खाली ३, ४ हे उत्तर जमतं. पण वर ०, ३ आणि खाली ४, ३ हेही जमतं! आता एक तिरकी बेरीज सांगतो : वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे, ५. झालं, पहिलंच उत्तर उरलं. प्रत्येक सावली ही अशी एक बेरीज असते. पुरेशा कोनांतून सावल्या घ्या, आतलं घर न् घर मोजता येतं.

याचं गणित योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. केप टाउनच्या रुग्णालयात अर्धवेळ काम करताना ॲलन कॉरमॅक यांना हाच प्रश्न पडला. राडॉन त्यांना माहीत नव्हते. त्यांनी स्वतः तो सोडवला, १९६३-६४ मध्ये छापला, आणि कुणी फारसं लक्षही दिलं नाही. तिसरे गॉडफ्री हाउन्सफील्ड, विद्यापीठाची पदवी नसलेले इंजिनिअर, ईएमआय कंपनीतले. बीटल्सच्या पैशातून सीटी स्कॅन झाला ही गोष्ट रंगवून सांगतात. खरं तर ब्रिटिश आरोग्य खात्याचा वाटा मोठा होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीचा मेंदू पहिल्यांदा असा पाहिला गेला. चित्र अवघं ८० बाय ८० चौकटींचं, पण गाठ दिसली. कवटी न उघडता, हवा न भरता. १९७९ चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळून.

आता लक्षात घ्या, सीटीच्या प्रत्येक चौकटीत मुळात एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००. कोणत्या आकड्यांना कोणती छटा द्यायची हे माणूस ठरवतो. तेच आकडे एका मांडणीत फुप्फुस दाखवतात, दुसऱ्या मांडणीत हाड. म्हणून रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' करा असं लिहिलेलं असतं. पेशंटला वाटतं, डॉक्टर अंग काढून घेताहेत. तसं नसतं हो. साध्या एक्स-रेत कधी स्तनाग्राची सावलीही फुप्फुसातल्या गाठीसारखी दिसते. समोर रुग्ण असला तर उलगडा दोन मिनिटांत होतो. रिपोर्ट लिहिणाऱ्यासमोर बहुधा तो नसतो.

एमआरआयमध्ये सावलीच नाही, तिथे शरीरातल्या पाण्याकडून येणारे संकेत ऐकायचे असतात. ते पुढच्या व्याख्यानात. आता प्रश्न घेऊ या.